मराठवाड्यात राहून स्वतःचं गाणं करणाऱ्यांसाठी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भीमगीतं गाणारे, अभंगाला नवी चाल लावणारे, गोंधळ-भारुडाचा संच चालवणारे, गझल किंवा रॅप करणारे अशा सगळ्यांसाठी हे पान आहे. अट एकच : पाठीमागे कंपनी नाही आणि मुक्काम उदगीर, सेलू, वसमत, अंबड, कळंब अशा एखाद्या गावी आहे. माझं मत आधीच सांगतो, म्हणजे पुढची उत्तरं कुठून येतात ते कळेल. आपल्या भागात गाण्याचे पैसे मैदानात मिळतात, मोबाइलवर फारसे नाहीत. आणि मैदानात चाललेलं गाणं आपलंच राहावं असं वाटत असेल, तर ते आधी कागदावर आपल्या नावानं असावं लागतं.

मुंबई-पुण्याला गेल्याशिवाय काही होत नाही, हे खरं का?

सिनेमा, मालिका, जाहिराती यांचंच काम हवं असेल तर बऱ्याच अंशी खरं. बाकीच्यांसाठी नाही. तिकडं खोलीभाड्यासाठी नोकरी धरावी लागते आणि नोकरीमुळं रियाज सुटतो, हे इतक्या पोरांचं झालेलं आहे की नवं काही सांगायला नको. नांदेड-परभणी-जालन्याहून देवगिरी एक्स्प्रेसनं रात्री निघालं की सकाळी मुंबई. काम असेल तेव्हा जावं, करून परत यावं. इथं तालमीला जागा फुकट मिळते, ढोलकीवाला हाकेच्या अंतरावर असतो. ते सोडून जाताना नीट हिशोब करा.

वर्षभरात कार्यक्रम नेमके कधी मिळतात?

पेरणीच्या दिवसांत काही नाही. श्रावणात भजनं आणि सप्ताह, मग गणपती. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, त्याचे सरकारी आणि शाळा-कॉलेजांचे कार्यक्रम. लगेच नवरात्र : तुळजापूर, माहूर, अंबाजोगाई या तिन्ही ठिकाणांच्या आसपास आराधी गाण्यांना आणि गोंधळाला मागणी असते. सोयाबीन-कापसाचा पैसा हातात आला की लग्नं, जावळं, जागरण-गोंधळ. मार्गशीर्षात लोहा तालुक्यातली माळेगावची खंडोबाची यात्रा. १४ जानेवारीला नामविस्तार दिन, त्या दिवशी संभाजीनगरला विद्यापीठाच्या गेटसमोर गाणाऱ्यांचे मंच लागतात. फाल्गुनात पैठणची नाथषष्ठी. आणि १४ एप्रिल. आपल्याकडं जयंती एका दिवसात उरकत नाही, गावोगावी पुढं महिनाभर चालते. भीमगीतं गाणाऱ्यांचं निम्मं वर्ष त्या महिन्यावर निघतं.

यातली खरी गोम अशी की कार्यक्रमाच्या महिन्यात फोन करून उपयोग नसतो. मंडळाची, जयंती समितीची बैठक ज्या दिवशी होते त्या दिवशी तुमचा व्हिडिओ अध्यक्षाच्या मोबाइलमध्ये असायला हवा. जयंतीसाठी फेब्रुवारी-मार्च, गणपतीसाठी जुलै, यात्रेसाठी दिवाळीच्या आधी. व्हिडिओ दोन-तीन मिनिटांचा, एकाच कार्यक्रमाचा, समोर बसलेली माणसं दिसतील असा. स्टुडिओत ओठ हलवलेला नको. अध्यक्षाला बघायचं असतं ते एवढंच, की ह्यांच्यासमोर पब्लिक बसतं का.

पाऊस दगा देतो त्या वर्षी वर्गणी आटते. तेव्हा ‘आठ जणांचा संच जमत नाही’ म्हणणाऱ्या मंडळाला तिघांचा संच देता आला पाहिजे : गायक, पेटी, ढोलकी. तो बसवून ठेवा. मोठ्या संचातली सगळी गाणी तीनमध्ये उभी राहत नाहीत, त्यामुळं आयत्या वेळी माणसं कमी केली की फजिती होते.

मानधन किती सांगावं?

पुढचे आकडे उदाहरणादाखल. संच आठ जणांचा : तुम्ही, पाच वादक, दोन कोरस. वादक प्रत्येकी ३,००० म्हणजे १५,०००. कोरस प्रत्येकी २,००० म्हणजे ४,०००. गाडी, डिझेल, ड्रायव्हर मिळून ७,०००. झाले २६,०००. तुम्ही ३०,००० सांगितले आणि समोरच्यानं घासाघीस करून २७,००० वर आणलं, तर रात्रभर गाऊन तुमच्या हाती १,००० उरतात. त्यातून ढोलकीची पुडी बदलायची, कपडे शिवायचे, तालमीचा चहा पाजायचा. म्हणून आकडा खर्चापासून सुरू करा, शेजारच्या गावातल्या गायकाच्या आकड्यापासून नको. त्याचा भाऊच ढोलकी वाजवत असतो आणि गाडी घरची असते.

घासाघीस होणारच. पैसे कमी करायची वेळ आली की त्याबरोबर काहीतरी कमी करा : एक वादक, एक तास किंवा साउंडची जबाबदारी. नुसतेच पैसे कमी केले की पुढच्या वर्षी तोच आकडा तुमचा भाव ठरतो आणि शेजारच्या मंडळालाही कळतो.

आयोजक ओळखीचेच आहेत. लिहून घ्यायला बरं वाटत नाही.

ओळखीच्या माणसाकडंच पैसे अडकतात, अनोळखी माणूस निदान इसार देतो. स्टॅम्पपेपर वगैरे काही नको, व्हॉट्सॲपवर एक मेसेज पुरतो. हा घ्या, तारखा-आकडे बदलून वापरा :

‘नमस्कार साहेब. दि. २० एप्रिल रोजी आपल्या गावी आमचा भीमगीतांचा कार्यक्रम ठरला आहे. वेळ सायं. ७ ते १०. कलाकार ८. मानधन ४०,००० रु. इसार २०,००० मिळाल्यावर तारीख पक्की. बाकी २०,००० स्टेजवर जाण्याआधी. साउंड, लाइट, जनरेटर आणि पोलीस परवानगी आपल्याकडे. ८ जणांचं जेवण. आपल्याकडून कार्यक्रम रद्द झाल्यास इसार परत होणार नाही. पावसामुळं राहिल्यास दुसरी तारीख ठरवू. मान्य असल्यास तसं कळवावं.’

‘मान्य’ असं उत्तर आलं की काम झालं. ‘स्टेजवर जाण्याआधी’ हे शब्द काढू देऊ नका. कार्यक्रम संपल्यावर खजिनदार सापडत नाही, हा सगळ्या जिल्ह्यांतला अनुभव आहे. वेळही लिहाच. रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद हा कायदा आहे. वर्षातले काही ठरावीक दिवस १२ पर्यंत सूट मिळते, ते दिवस जिल्हाधिकारी जाहीर करतात. आयोजकांची भाषणं साडेनऊला संपली आणि दहाला पोलिसांनी माइक बंद केला, तर ‘अर्धाच तास गायलात’ म्हणून पैसे कापायला नकोत.

सिनेमाच्या चालीवर आमचे शब्द बसवले आहेत. यूट्यूबवर टाकू का?

आपल्याकडं ही जुनी रीत आहे. भजनी मंडळापासून जलशापर्यंत गाजलेल्या चालीवर नवे शब्द बसवूनच गाणं लोकांच्या तोंडी गेलं. मैदानात त्याचा त्रास सहसा होत नाही. धार्मिक विधी, लग्न, वरात आणि लग्नाच्या अनुषंगानं होणारे सोहळे यांत गाणं वाजवणं-गाणं यासाठी कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूटही आहे.

इंटरनेटवर मात्र चाल संगीतकाराची आणि ज्या कंपनीकडं हक्क आहेत तिची. शब्द तुमचे असले तरी चाल वापरायला परवानगी लागते. यूट्यूबची यंत्रणा चाल ओळखते, आणि मग तीनपैकी काहीतरी होतं : जाहिरातीचे पैसे त्यांच्याकडं वळतात, व्हिडिओ बंद होतो किंवा चॅनलला स्ट्राइक, म्हणजे नियम मोडल्याचा ठपका, येतो. तीन स्ट्राइकनंतर चॅनलच जाऊ शकतो, आणि त्याबरोबर तुमची स्वतःच्या चालीची गाणीही. वर्णनात ‘सर्व हक्क मूळ मालकाचे’ असं लिहिल्यानं काही फरक पडत नाही, तरी सगळे लिहितात.

माझा सल्ला : शब्द चांगले असतील तर त्यांना स्वतःची चाल लावा. आधी शब्द ढोलकीच्या ठेक्यावर नुसते बोलून बघा. उसनी चाल काढून घेतल्यावर बऱ्याचदा कळतं की शब्दांची स्वतःची लय वेगळीच होती, ती त्या चालीत कोंबलेली होती.

संतांचे अभंग आणि आजीच्या ओव्या तरी मोकळ्या आहेत ना?

शब्द मोकळे आहेत. लेखकाच्या मृत्यूनंतरचं वर्ष सुरू झाल्यापासून ६० वर्षं हक्क राहतो. नरसीचे नामदेव, गंगाखेडच्या जनाबाई, पैठणचे एकनाथ यांच्या शब्दांवर कुणाची मालकी नाही. घोळ होतो तो चालीत. तुम्हाला ‘पारंपरिक’ वाटणारी अभंगाची चाल अनेकदा गेल्या ५०-६० वर्षांतल्या एखाद्या संगीतकाराची असते; ती रेडिओवरून इतकी पाझरली की आता वारीतही तीच ऐकू येते. ध्वनिमुद्रण करण्याआधी एखाद्या जुन्या विणेकऱ्याला किंवा मृदंगाचार्याला विचारा. चाल कुठली, कुणाची, हे त्यांना बरोबर माहीत असतं.

जात्यावरच्या ओव्या, आराध्यांची गाणी, गोंधळातली कवनं यांची चाल खरोखरच सगळ्यांची. नावाच्या जागी ‘पारंपरिक’ लिहा, स्वतःचं नाव संगीतकार म्हणून लिहू नका. संगीत संयोजन तुमचं असेल तर तेवढं लिहा. आणि ज्या मावशींकडून गाणं घेतलं त्यांचं नाव त्यांना विचारून द्या. त्यांचा आवाज रेकॉर्ड केला असेल तर त्या आवाजावर त्यांचा कलाकार म्हणून कायदेशीर हक्क आहे, साडीचोळी देऊन तो संपत नाही. गावाकडं जाऊन मोबाइलवर ओव्या भरून आणायच्या आणि बीट टाकून आपल्या नावावर विकायच्या, हा प्रकार वाढला आहे. मला तो चोरीच वाटतो.

एक अडचण येते. तीच पारंपरिक चाल दुसऱ्या कुणीतरी आधी अपलोड केलेली असते आणि त्याचा दावा तुमच्या व्हिडिओवर येतो. घाबरू नका. दाव्याला उत्तर द्यायची सोय असते. चाल पारंपरिक आहे आणि ध्वनिमुद्रण माझं स्वतःचं आहे, असं स्पष्ट लिहा. हे खरं असेल तरच.

एक कंपनी गाण्याचे रोख १५,००० देते आणि ‘सर्व हक्क कायमचे’ लिहून मागते. द्यावं का?

आधी कशाचे हक्क मागतात ते बघा. एका गाण्यात तीन वेगळ्या वस्तू असतात : शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण. कंपनीनं स्टुडिओचा खर्च केला नसेल तर ध्वनिमुद्रणही तुमचंच, आणि मग त्या १५,००० मध्ये तिन्ही वस्तू चालल्या आहेत.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली जी दुरुस्ती झाली, ती गीतकार-संगीतकारांच्या बाजूची आहे. हक्क विकले तरी रॉयल्टीतला तुमचा निम्मा वाटा तुम्हाला सोडून देता येत नाही, तसं लिहून घेतलं तरी ते चालत नाही. करार लेखी आणि सहीचा असावा लागतो. मुदत लिहिलेली नसेल तर ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. घेतलेला हक्क कंपनीनं वर्षभरात वापरलाच नाही तर तो परत येतो, करारात वेगळं लिहिलेलं नसेल तर. आणि करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं, त्याला तो करार लागू होत नाही, करारात त्या माध्यमाचा स्पष्ट उल्लेख नसेल तर.

कंपन्यांना हे सगळं माहीत असतं, म्हणूनच ‘कायमस्वरूपी’, ‘संपूर्ण जग’, ‘सर्व माध्यमं’ असे शब्द पहिल्याच पानावर भेटतात. तुम्ही एवढंच मागा : मुदत ५ वर्षं, फक्त ध्वनिमुद्रणाचे हक्क, शब्द आणि चाल माझ्याकडं. नाही म्हणाले तर उठून या. पैशांची अगदीच निकड असेल तर एक गाणं द्या, पुढच्या गाण्यांना बांधून घेणारं कलम तेवढं खोडा. नुकसान त्या कलमानं होतं; एखादं गाणं गेलं तर दुसरं करता येतं.

चार मित्रांनी मिळून गाणं केलं. मालक कोण?

ज्यानं शब्द लिहिले तो शब्दांचा, ज्यानं चाल बांधली तो चालीचा. ध्वनिमुद्रणाचा मालक तो, ज्यानं पुढाकार घेऊन, जबाबदारी घेऊन ते घडवून आणलं. साधारणपणे स्टुडिओचं बिल भरणारा. गायकाला त्याच्या गाण्याचा कलाकार म्हणून हक्क असतो. भांडण गाणं चालल्यावर होतं, म्हणून कुणाला किती टक्के हे गाणं बाहेर यायच्या आधी एका कागदावर लिहा आणि चौघांनी सह्या करा. दिवसाचे पैसे घेऊन वाजवून गेलेल्या वादकालाही ‘मिळाले’ असं लिहून घ्या, आणि त्याचं नाव श्रेयात न विसरता द्या.

कॉपीराइटची नोंदणी सक्तीची आहे का?

नाही. गाणं लिहून-मुद्रित झालं की हक्क तयार होतो. नोंदणी पुराव्याला उपयोगी पडते. शब्दांसाठी किंवा चालीसाठी फी ५०० रुपये, ध्वनिमुद्रणासाठी २,०००. त्याहून मला महत्त्वाचं वाटतं ते आयपीआरएसचं सभासदत्व. १९६९ पासूनची ही संस्था रेडिओ, टीव्ही, हॉटेलं, ऑनलाइन मंच यांच्याकडून गीतकार-संगीतकारांचे पैसे गोळा करते. सभासद होऊन गाणी नोंदवली नाहीत तर तुमच्या गाण्याचे पैसे तुमच्यापर्यंत कसे यायचे? नुसतं गाणाऱ्यांचा तिथं संबंध येत नाही, गायकांची संस्था वेगळी आहे.

घरी रेकॉर्डिंग करता येईल का? घर पत्र्याचं आहे.

येईल, पण माइक विकत घेण्याआधी खोली निवडा. पत्रा आणि फरशी मिळून आवाज डब्यात कोंडल्यासारखा येतो. तीन बाजूंनी दोरीवर जाड वाकळा टांगा, खाली सतरंजी, पाठीमागं गाद्या उभ्या करा. ज्यांच्या घरात दिवाळीनंतर कापूस भरलेली खोली असते त्यांना तर फुकटचा स्टुडिओच मिळाला : कापूस आवाज पिऊन टाकतो, टाळी वाजवली तर मागं काही उरत नाही. धूळ फार असते, दार थोडा वेळ उघडं ठेवून मग गा. विडी-सिगारेटवाल्याला आत घेऊ नका.

कूलर-पंखा बंद. एप्रिल-मेमध्ये हे सोपं नाही, म्हणून पहाटेची वेळ धरावी लागते, आणि पहाटे काकड्याचा भोंगा असतो. भोंग्याची वेळ पाहून मधली शांत वेळ गाठा. इन्व्हर्टरवर रेकॉर्डिंग करू नका, बारीक घूं असा आवाज शिरतो आणि तो नंतर निघत नाही. लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवा.

माइक तोंडापासून वीतभर, जरासा तिरका, मध्ये जाळी. पातळी अशी की सगळ्यात वरचा सूर लागला तरी मीटर उणे दहा डेसिबलच्या आसपास राहील. लाल झालं की ती ओळ गेली. फाइल डब्ल्यूएव्ही, २४ बिट. आधी तंबोरा-तबल्यासारखी एक कच्ची लय, त्यावर गाणं, आणि ढोलकी शेवटी, माणसाच्या हाताची. क्लिकवर, म्हणजे कानात वाजणाऱ्या एकसारख्या टिकटिकीवर, गाता येतं, पण भारूड-गोंधळाचा ठेका शेवटाकडं चढत जातो. त्याला क्लिकमध्ये बांधलं की जीव जातो. तिथं सगळे एकत्र बसून एका दमात वाजवा.

हलगी-डिमडी ज्या दिवशी असेल त्या दिवशी शेकायची सोय जवळ ठेवा आणि दर टेकआधी सूर बघा. पावसाळ्यात कातडं दोन गाण्यांतच उतरतं.

पट्टी कशी ठरवायची?

गाण्यातला सगळ्यात वरचा सूर शोधा, सहसा तो अंतऱ्यात असतो. तास-दीड तास गाऊन दमल्यावर तो सूर लावून बघा. ओरडावं लागलं तर अर्धी पट्टी उतरा. काळी दोनमध्ये (पेटीवरची दुसरी काळी पट्टी) गाणारा म्हणून नाव असेल तर असो. मैदानात तिसऱ्या तासाला काळी एकच बरी.

स्त्री-पुरुष दोघं गाणार असतील तर दोघांची ओढाताण करणारी मधली पट्टी काढतात आणि दोघंही बेचव गातात. त्यापेक्षा पुरुषाचा मध्यम (म) हाच बाईचा षड्ज (सा) धरून तिचं कडवं बांधा. पंडित जसराजांच्या जसरंगी जुगलबंदीचं तत्त्व हेच आहे. लोकगीतात ते सोप्या रूपात छान बसतं. पेटीवाल्याला मात्र आधी सांगून ठेवा.

साउंडवाल्याला काय सांगावं?

नाव विचारा, चहा पाजा, मग सांगा. पहिलं वाक्य : ‘एको निम्मा करा.’ एको वाढवला की शब्द वाहून जातात, आणि आपली गाणी शब्दांवर चालतात. मॉनिटर (तुमचा आवाज तुम्हालाच ऐकवणारा स्पीकर) तुमच्या समोर, माइकच्या पाठीमागच्या बाजूला. शिट्टी वाजते ती बहुधा माइक मुठीत जाळीपर्यंत दाबून धरल्यामुळं. संबळ आणि हलगी लहान हॉलमध्ये माइकशिवाय भरपूर होतात. त्यांना माइक दिला की तुमचा आवाज वाढवावा लागतो, मग त्यांचा, मग गळा बसतो.

गाणं स्पॉटिफाय वगैरेवर कसं जातं? पैसे मिळतात का?

वितरकामार्फत, म्हणजे गाणी अशा मंचांवर चढवून देणाऱ्या कंपनीमार्फत, जातं. काही वितरक वर्षाची फी घेतात आणि फी थांबली की गाणी उतरवतात, काही कमाईतला हिस्सा घेतात. घेण्याआधी एवढं वाचा. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी हा १२ अक्षर-अंकांचा क्रमांक मिळतो. तो वहीत लिहून ठेवा, पुढं वितरक बदलला तर तोच द्यायचा असतो. नावाचं इंग्रजी स्पेलिंग एकदा ठरवा आणि मरेपर्यंत बदलू नका, नाहीतर तुमची गाणी तीन वेगळ्या माणसांच्या नावावर दिसतात. गाणं प्रकाशनाच्या निदान तीन आठवडे आधी चढवा. स्पॉटिफायच्या संपादकांकडं पाठवायचं तर किमान ७ दिवस हातात लागतात.

पैसे : स्पॉटिफायवर २०२४ पासून गेल्या १२ महिन्यांत १,००० वेळा न ऐकलेल्या गाण्याला रॉयल्टीच नाही. यूट्यूबवर जाहिरातीच्या हिश्शासाठी १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना १ कोटी व्ह्यूज. पत्ता पडताळायला ते टपालानं पिन पाठवतात, गावाकडं तो हरवतो. पोस्टमनला सांगून ठेवा. अमेरिकेच्या कराचा फॉर्म भरायला विसरू नका. भरला तर तिथल्या प्रेक्षकांकडून आलेल्या कमाईवरच १५ टक्के कापतात, न भरल्यास एकूण कमाईतून २४ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतात.

व्ह्यूज विकत घ्यावेत का?

नाही. गाणं काढून टाकतात, आणि कार्यक्रमाची सुपारी देणारा खालच्या कमेंटा वाचतोच.

जीएसटी लागतो का?

सेवा देणाऱ्यांची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीच लागत नाही. शिवाय लोककला आणि शास्त्रीय कलेच्या सादरीकरणाचं मानधन दीड लाखापर्यंत असेल तर त्यावर जीएसटी माफ आहे. सरकारी कार्यक्रमात टीडीएस कापला तर त्याचं प्रमाणपत्र मागून घ्या आणि विवरणपत्र भरा. उत्पन्न कमी असेल तर ते पैसे परत मिळतात. कित्येक जण ते तसेच सोडून देतात.

आकाशवाणीची ऑडिशन आता द्यावी का?

द्यावी. परभणी, नांदेड, संभाजीनगर केंद्रांत चौकशी करा. बी, बी हाय, ए, टॉप अशा श्रेणी असतात. मानधनापेक्षा श्रेणीचा शिक्का सरकारी महोत्सवात आणि शाळेत संगीत शिक्षकाच्या नोकरीसाठी बोलतो. वय १८ ते २५ असेल तर केंद्र सरकारची तरुण कलाकारांची शिष्यवृत्तीही बघा : दोन वर्षं दरमहा ५,००० रुपये. शास्त्रीय संगीताबरोबर लोककलेलाही ती मिळते, आणि अर्ज करणारे आपल्याकडचे फार कमी असतात.

आमच्या बोलीत गायलं तर शहरातले हसतील का?

हसू देत. ‘करायलास’, ‘जायलीस’ हे गाण्यात गोडच वाटतं, कारण त्यातले स्वर लांबवता येतात. वली आणि सिराज हे जुने उर्दू शायर औरंगाबादचेच. दखनी उर्दूची ती नादमय ढब अजून आपल्या बोलण्यात आहे, गझलवाल्यांनी ती पुसून टाकू नये. फक्त व्यंजनं ठसठशीत उच्चारा. बोली कळली नाही म्हणून कुणी उठून जात नाही, शब्द ऐकूच आला नाही म्हणून जातं.

जयंतीच्या महिन्यात रोज कार्यक्रम असतात. गळा कसा टिकवायचा?

सकाळी अर्धा तास खर्ज, हलक्या आवाजात. गाडीत वादकांशी ओरडून बोलणं बंद. प्रवासातली बडबड गळा जास्त बसवते. पाणी सतत, जेवण कार्यक्रमाच्या दोन तास आधी, तेही हलकं. आयोजकांच्या घरचं मटण गाऊन झाल्यावर, आणि खाऊन लगेच आडवं होऊ नका, आम्लपित्तानं सकाळी आवाज घोगरा येतो. दोन कार्यक्रमांनंतर एक दिवस रिकामा ठेवा. तो रोज भरता येतो म्हणून भरू नका. गळा बसला असताना ज्येष्ठमध चघळून, जोर लावून गाणं सगळ्यात वाईट. घोगरेपणा तीन आठवड्यांपेक्षा जास्त राहिला तर नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडून दुर्बिणीनं स्वरयंत्र तपासून घ्या. ही सोय जिल्ह्याच्या ठिकाणी मिळते. स्वरतंतूंवर गाठी आल्या असतील तर लवकर कळल्यावर पुष्कळदा विश्रांती आणि आवाजाच्या व्यायामावर भागतं.